बाटलीतलं उरलेलं

औषध तेच, बाटली तीच, बाटलीच्या झाकणाचा रंगसुद्धा तोच, आणि तरी दर वर्षी त्याची किंमत वाढते कशी, हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. मी टॅक्सी चालवते. पेट्रोल महागलं की मी भाडं वाढवते, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की का हो, तर माझ्याकडे उत्तर असतं. या बाटलीवाल्यांना जाब विचारायला जावं तर ते बसतात कुठे हेच ठाऊक नाही. ताई म्हणते माझ्या नाकावरच राग असतो. असू दे. या बाबतीत मी चिडले नाही तर मलाच माझी काळजी वाटेल.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न दोघींनीही केलं नाही, एकमेकींच्या डोक्यावर मिऱ्या वाटत एका घरात राहतो. ती घड्याळं दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल आहे, त्यावर वाकवता येणारा दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, दोन-तीन जातींचे चिमटे आणि पांढऱ्या कापडावर मांडलेले स्क्रू. ते इतके बारीक की त्या टेबलापाशी मला शिंकायची परवानगी नाही. लोक आजोबांची बंद पडलेली घड्याळं घेऊन यायचे आणि तिच्या हातून ती पुन्हा चालू होऊन जायची.

मग तिचे हातच बंद पडायला लागले. नसांचा आजार. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं त्यातलं मला एवढंच कळलं, की अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगांशी लढते तीच हिच्या नसांवर उलटली होती. आधी बोटं गेली, मग मनगटं, मग पायांतला जोर. चिमटा हातातून गळून पडायचा. शर्टाची बटणं मी लावून द्यायला लागले. तेव्हा ती मान फिरवून खिडकीकडे बघायची आणि मी वाट्टेल ते बडबडत राहायचे, कारण दोघींपैकी एकीने तरी काहीतरी बोलायला हवं होतं.

आणि मग ते औषध आलं. दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं, सलाइनच्या खोलीत आरामखुर्चीत बसायचं आणि थेंब थेंब शिरेतून घ्यायचं. रंग नाही, वास नाही. मी पहिल्यांदा ती पिशवी बघितली तेव्हा मनात म्हटलं, यापेक्षा नळाचं पाणी काय वाईट. दुसऱ्या खेपेनंतर एके सकाळी मी दोन कप चहा घेऊन पुढच्या खोलीत आले, तर ताई टेबलापाशी बसलेली. शर्टाची सगळी बटणं लावलेली, गळ्याजवळचंसुद्धा. डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्याच्या टोकात एक स्क्रू धरलेला होता. तो हलत नव्हता. मी दारातच उभी राहिले. मी काही भाविक बाई नाही, कुठे हात जोडायला जात नाही. पण त्या दिवशी माझे हात रिकामे असते तर मी त्या पिशवीला जोडले असते.

तर असं ते औषध. ते माणसाच्या वजनावर देतात. जितकं वजन तितका डोस. आणि बाटली मात्र एकाच मापाची निघते. पायजमा शिवणारासुद्धा तीन मापं ठेवतो, पण या कंपनीला माणसं एकाच मापाची वाटतात. ताईला दोन बाटल्या पुरत नव्हत्या. तिसरी फोडावी लागायची. इतके दिवस हॉस्पिटलची मदत योजना तो खर्च उचलत होती, म्हणून आम्ही कधी हिशेबात शिरलो नव्हतो.

एका खेपेला डॉक्टर खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं. ते म्हणाले, “औषधांचा खर्च आमच्या हाताबाहेर चाललाय. जिथे जिथे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात मिळतं, तिथे आम्ही बदललं. रक्तदाबाचं बदललं, साखरेचं बदललं, त्यात बरंच वाचलं. पण हे बनवणारी दुसरी कंपनीच नाही. म्हणून योजनेने ठरवलंय, पुढच्या खेपेपासून माणशी दोनच बाटल्या.”

“आणि तिसरी?” मी विचारलं.

“ती घरून, म्हणजे तुमच्या खर्चाने.”

ती घरून कशी आणणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. परत येताना ताई टॅक्सीत पुढे माझ्याशेजारी बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, “मी थोडी बारीक झाले तर दोन बाटल्यांत भागेल.” मला वाटलं गंमत करतेय. ताईच्या गमती अशाच कोरड्या असतात. मी म्हटलं, “कर हो डाएट, या वयात नवरा शोधू तुला.” दोघी हसलो.

त्यानंतर ती दुपारचं माझ्या माघारी जेवायला लागली. निदान तसं म्हणायची. संध्याकाळी मी आले की म्हणायची, उशिरा खाल्लंय, भूक नाही. मला काय, मी दिवसभर लोकांना इकडून तिकडे नेऊन थकलेली. आमटी उरलीय म्हणून खूश व्हायची. तिचा चेहरा उतरला होता, पण आजारी माणसाचा चेहरा उतरतोच. मग एके दिवशी गाडीचा टायर बसला म्हणून मी दुपारीच घरी आले, तर ती टेबलाच्या पायाशी पडलेली. सगळ्या खोलीभर स्क्रू.

तिला उचललं तेव्हा मी घाबरले. ती पडली होती म्हणून नाही. ती इतक्या सहज उचलली गेली म्हणून.

पाणी पाजलं, साखर चारली, ती शुद्धीवर आली आणि मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “तू टॅक्सी विकायला काढली होतीस ना? गॅरेजवाल्याने सांगितलं मला.”

“मग? माझी टॅक्सी आहे, मी विकेन नाहीतर जाळेन.”

“तुझी टॅक्सी जाण्यापेक्षा माझी चरबी जाऊ दे.” एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. “थोडंच राहिलंय गं. अजून दोन-तीन किलो. पुढच्या खेपेपर्यंत होईल.”

माझी बहीण औषधाच्या मापात बसायला स्वतःला कापत होती. ज्या अंगाला जोर यावा म्हणून ते औषध, तेच अंग ती औषधासाठी झिजवत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडले नाही, कारण राग फार होता आणि तो कुणावर तरी काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या तळघरातल्या फार्मसीत गेले. औषधं तिथूनच येतात ना, मग तिथेच भांडायचं. काउंटरमागे आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. हॉस्पिटलची सगळी औषधं त्यांच्या हाताखालून जातात हे मला नंतर कळलं. मी सुरुवात केली ती थांबलेच नाही. कंपनी, योजना, डॉक्टर, खुर्ची, बाटलीचं माप, सगळ्यांचा उद्धार केला. मागे रांग लागली होती. बाईंनी एकदाही मला तोडलं नाही. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, “झालं बोलून? या माझ्याबरोबर.”

त्यांनी मला एका काचेपाशी नेलं. काचेपलीकडे एक खोली होती. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला एक माणूस एका कपाटासारख्या पेटीत हात घालून बसला होता. त्या पेटीत सतत गाळलेली हवा सोडतात, धुळीचा कण राहू देत नाहीत, बाई सांगत होत्या. त्याच्या हातात तीच बाटली होती. मी ती ओळखली, झाकणाचा रंग मी झोपेतसुद्धा ओळखेन. तो ती हलवत नव्हता, दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होता.

“हलवली तर फेस होतो आणि औषध बिघडतं,” बाई म्हणाल्या.

मी गप्प झाले. हे मी माझ्याच तोंडाने सांगतेय म्हणून विश्वास ठेवा, मी सहसा गप्प होत नाही. इतक्या हळुवार हाताने कुणी काही करताना मी फक्त ताईला पाहिलं होतं. त्याने सुईने औषध ओढलं, सुई उजेडात धरली, पुन्हा पाहिली, औषध पिशवीत सोडलं. आणि मग ती बाटली, जिच्यात अजून अर्ध्याहून जास्त औषध होतं, ती त्याने शेजारच्या पिवळ्या डब्यात टाकली.

“ते काय केलं त्याने?”

“उरलेलं टाकलं.”

“टाकलं म्हणजे?”

“बाटलीच्या बुचाला एकदा सुई टोचली की ती काही तासांतच वापरावी लागते. नंतर तिचा भरवसा नाही. आज या औषधाचा दुसरा पेशंट नाही. उद्या एक आहे. उद्या नवीन बाटली फोडू.”

मी त्या पिवळ्या डब्याकडे बघत राहिले. झाकण बंद झालं होतं. आत काय काय असेल, किती जणांच्या बोटांतला जोर असेल त्यात. घरी माझी बहीण अर्ध्या भाकरीवर दिवस काढत होती आणि इथे तिचंच औषध कचऱ्यात जात होतं.

“तुम्ही हे रोज बघता?” मी विचारलं.

“रोज बघते,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला दाखवलं.”

त्यांनी काउंटरवरच्या रिकाम्या खोक्यावर पेनाने आकृती काढून मला समजावलं, आणि समजावताना त्यांचा आवाज बदलला. त्यांनी हे बऱ्याच दिवसांपासून मनात घोळवलं असावं. या औषधाचे हॉस्पिटलात सात पेशंट होते. प्रत्येक जण वेगळ्या दिवशी यायचा. काही जण हलके, त्यांना दोन बाटल्याही पुऱ्या लागत नाहीत, दुसरीतलं बरंचसं वाया जातं. काही जण जड, त्यांना दोन पुरत नाहीत. “सातही जण एकाच दिवशी आले, तर एकाचं उरलेलं लगेच दुसऱ्याच्या पिशवीत जातं. मग मी सात वजनं वेगवेगळी धरत नाही. सातांचं मिळून एक वजन धरते. योजनेकडून माणशी दोन म्हणजे चौदा बाटल्या मिळतात. माझ्या अंदाजाने त्यात सगळे बसतात. जवळजवळ.”

सातांचं मिळून एक वजन. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. जे डोक्यात इतकं सोपं बसतं ते आजवर झालं का नाही, या विचाराने मला पुन्हा राग यायला लागला.

“मग घोडं अडलंय कुठे?”

“डॉक्टर तयार आहेत. योजनावाले तयार आहेत. पेशंटांना विचारायचं राहिलंय. दिवस बदलायचा, त्यातून आपल्या नावाच्या बाटलीतलं दुसऱ्याला द्यायचं. माझं कुणी ऐकेल असं मला वाटत नाही. मी लोकांशी बोलण्यात कच्ची आहे.”

“ते माझ्यावर सोडा,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात नर्सबाईंनी सगळ्यांना सलाइनच्या खोलीत बोलावलं. आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होतो. एक बेकरीवाला होता, त्याच्या कपड्यांना पावाचा वास येत होता. एक गणिताच्या शिक्षिका होत्या, फुंकर मारली तर उडतील इतक्या किडकिडीत. आणखी तिघं होते. आणि एक होते ते म्हणजे पैलवान. हे नाव नर्सबायकांनी ठेवलेलं. बंदरावर क्रेन चालवायचे, आता निवृत्त. खुर्ची त्यांना पुरत नव्हती. त्या खोलीत ते सर्वांत जड होते आणि सगळ्यांत जास्त औषध त्यांनाच लागणार हे सांगायला फार्मसीची गरज नव्हती.

मी माझ्या परीने बोलले. बऱ्यापैकी बोलले. शिक्षिकाबाईंनी ऐकल्यावर तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, “माझ्या बाटलीतलं इतकं टाकत होते? आणि मला कुणी सांगितलं नाही?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बेकरीवाला म्हणाला, भट्टी भावावर सोपवीन, कुठलाही वार सांगा. बाकीचे माना डोलवत होते.

पैलवान म्हणाले, “मी उष्टं खात नाही. आणि टोचूनही घेणार नाही.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट त्यांना बोलायला जड जात होतं. “आयुष्यात कुणाच्या ताटातलं घेतलं नाही. माझी तिसरी बाटली मी माझी बघेन.”

फार्मसीतल्या बाई शुद्धता, तास, सुया असं काहीतरी सांगायला लागल्या, पण पैलवानांचा विषय तो नव्हताच. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईने माझ्या दंडावर हात ठेवला. ती बोलली, अगदी हळू.

“काका, उष्टं म्हणजे तोंड लावलेलं. याला कुणाचं तोंड लागलंय? पातेलं एकच आहे. आधी एकाला वाढलं, मग दुसऱ्याला वाढलं.”

“तळाशी राहिलेलं ते उष्टंच, बाई.”

“मग तळाचं मला द्या,” ताई म्हणाली. “तुम्हा सगळ्यांचं आधी होऊ दे. मी शेवटी बसेन. उष्टं असलंच तर माझ्या वाट्याला.”

पैलवानांनी तिच्याकडे पाहिलं. तिची गालफडं बसली होती, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मग म्हणाले, “कुठला वार?”

मला तिला तिथेच फटका द्यावासा वाटला. शेवटी म्हणजे काय, कमी पडलं तर कुणाला कमी पडणार? पण शब्द देऊन झाला होता, आणि ताईने दिलेला शब्द परत घ्यायला लावणं मला कधी जमलेलं नाही. घरी मी तिला फक्त एवढंच म्हटलं, की आता निदान जेव. ती जेवली, पण हात राखून. तो दिवस येईपर्यंत तिला भरवसा नव्हता.

तो दिवस आला. सलाइनच्या खोलीत सात खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर पांढरा फळा. एकेक जण काट्यावर उभा राहायचा, नर्सबाई आकडा सांगायच्या, फार्मसीतल्या बाई फळ्यावर लिहायच्या. नावं नाहीत, नुसते आकडे, एकाखाली एक. शेवटी त्यांनी रेघ मारली आणि बेरीज केली. सात माणसांचं एक वजन. मी ते बघत होते आणि मला काय वाटत होतं ते सांगणं कठीण आहे. ही माणसं रस्त्यात भेटली असती तर एकमेकांना ओळख दिली नसती. आणि त्या रेघेखाली ती सगळी एक झाली होती.

बाईंनी पुन्हा बेरीज केली. मग चष्मा काढला.

“जास्त होतंय,” त्या म्हणाल्या. “चौदा बाटल्यांत बसत नाही. थोडक्यासाठी.”

“किती थोडक्यासाठी?” शिक्षिकाबाईंनी विचारलं.

“सहा-सात किलोंचा डोस कमी पडतोय. डोस कमी करता येणार नाही, डॉक्टरांनी बांधून दिलाय. आणि पंधरावी बाटली माझ्याकडे नाही.”

कुणी ताईकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. ताई म्हणाली, “मग आज माझं राहू दे. मी आणखी थोडी—”

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

तेवढ्यात शिक्षिकाबाई उभ्या राहिल्या. “मी बूट घालून वजन केलं,” त्या म्हणाल्या. “आणि कोट. बुटाला कशाला औषध?”

बेकरीवाल्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्यानेही बूट घातले होते. सगळ्यांनीच घातले होते. हॉस्पिटलात इतकी वर्षं सगळे बुटांसकट काट्यावर चढत होते, कारण वाकून नाड्या सोडणं त्यांच्या बोटांना जमत नव्हतं आणि घाईत असलेल्या नर्सला कोण सांगणार. आता सगळे एकदम वाकले. बोटं नाड्यांवरून घसरत होती. बेकरीवाला शिक्षिकाबाईंच्या मदतीला गेला, तर त्याची बोटं त्यांच्याहून वाईट. मग मी जमिनीवर बसले आणि एकेकाच्या नाड्या सोडत गेले. कोट निघाले, पट्टे निघाले, कुणाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघाला, कुणाचा तंबाखूचा डबा, शिक्षिकाबाईंच्या खिशातून खडूंची पेटी. बेकरीवाल्याने तोंडातली कवळीसुद्धा काढली. कुणी हसलं नाही, तोच हसला, बोळक्या तोंडाने.

पुन्हा काटा, पुन्हा फळा. बाई पुसत होत्या आणि लिहीत होत्या. बेरीज उतरत होती. मोज्यांतले पाय फरशीवर ठेवून सगळे त्या आकड्याकडे बघत होते. आता दोन-तीन किलोंवर आलं होतं. तिथेच अडलं. काढण्यासारखं कुणाकडे काही राहिलं नव्हतं.

पैलवान मात्र जागचे हलले नव्हते.

“काका, बूट,” मी म्हटलं आणि त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी पाय मागे घेतला. एकच पाय मागे गेला.

“दार लोटून घ्या,” ते म्हणाले.

नर्सबाईंनी दार लोटलं. पैलवानांनी पॅन्टचा पाय वर गुंडाळायला सुरुवात केली. बोटं त्यांनाही साथ देत नव्हती, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. गुडघ्याखाली धातूची नळी होती, तिच्यावर कातडी पट्टे. त्या खोलीत सगळेच लंगडत चालायचे, म्हणून एकाचा पाय खोटा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“क्रेनखाली गेला,” ते म्हणाले. “आजाराच्या कितीतरी आधी. कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.” त्यांनी एक पट्टा सोडला. “इतकी वर्षं मी या लोखंडाला औषध पाजतोय.”

पाय निघाला. त्यांनी तो मांडीवर आडवा धरला. त्यांना एका पायावर काट्यावर उभं करणं शक्य नव्हतं, आणि आधार दिला तर वजन चुकणार. बाई म्हणाल्या, नुसता पाय मोजू आणि वजा करू. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे न बघता तो दिला. जड होता, आणि आतून अजून गरम होता.

मी तो बुटासकट काट्यावर ठेवला. तो तिथे एकटा उभा राहिला. सात माणसं मोज्यांत उभी, म्हणजे सहा उभी आणि एक बसलेलं, आणि सगळ्यांच्या नजरा त्या काट्यावर. मी आयुष्यात मोठमोठ्या इमारती पाहिल्यात, माझ्या गाडीतून मोठी म्हणवणारी माणसं नेलीत. मान वर करून बघावं असं मला फारसं कधी वाटलं नाही. त्या काट्यावरच्या पायाकडे बघताना मात्र मी जमिनीवर बसलेली होते आणि उठावंसं वाटेना.

नर्सबाईंनी आकडा सांगितला. फार्मसीतल्या बाईंनी तो लिहिला, वजाबाकी केली आणि बोट त्या उत्तराखाली टेकवून उभ्या राहिल्या.

“बसलं,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्याने, “बसलं सगळं.”

“तिचंसुद्धा?” पैलवानांनी ताईकडे हात केला.

“तिचंसुद्धा.”

ते “बरं” म्हणाले आणि रिकामा पॅन्टचा पाय मांडीवर नीट घडी करत बसले.

त्यानंतर बाई खाली गेल्या आणि पिशव्या एकेक करून वर यायला लागल्या. ताई शेवटच्या खुर्चीत बसली होती. तिची पिशवी आली तेव्हा बाकीच्यांच्या अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या. तीच, रंग नसलेली, वास नसलेली. तिच्यात शिक्षिकाबाईंचं किती, बेकरीवाल्याचं किती, पैलवानांचं किती, ते आता देवालासुद्धा वेगळं करता आलं नसतं. नर्सबाईंनी शीर शोधली, चिकटपट्टी लावली. पहिला थेंब पडला. सगळे आपापल्या खुर्चीतून मान वळवून बघत होते.

ताईने डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “ऐक ना. मला फार भूक लागलीय.”

मी उठले. पैलवान शेजारच्या खुर्चीतून म्हणाले, “जातेच आहेस तर सगळ्यांनाच आण.” मी हो म्हटलं आणि बाहेर आले. जिन्यापर्यंत पोचले तरी मला रस्ता नीट दिसत नव्हता, डोळे सारखे भरून येत होते.